साहेब, कुठं गळतंय ते मला ठाऊक आहे

कामाच्या ठिकाणी : वाचकांचे प्रश्न

जूनच्या अंकात पर्यावरण दिनाच्या निमित्तानं मी वाचकांना एकच गोष्ट विचारली होती. तुमच्या कामाच्या ठिकाणी वीज, पाणी, कागद, तेल वाचवायचे जे प्रयत्न होतात, ते टिकतात का, आणि टिकत नसतील तर का? पत्रं भरपूर आली. एकानंही लिहिलं नाही की आमच्या लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. सगळ्यांचं बोट वरिष्ठांकडे होतं, आणि जे स्वतः वरिष्ठ होते त्यांचं स्वतःकडे. म्हणून हा अख्खा महिना त्या पत्रांना दिला आहे. पत्र लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या संस्थांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी माझ्याबद्दल थोडं सांगते. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या, सहाशे कामगारांच्या एका कारखान्यात मी २९ वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते. आता हरिपूरला राहते. संगमेश्वराच्या देवळापासून आमचं घर चालत पाच मिनिटांवर आहे. वारणा कृष्णेला मिळते ती जागा मला रोज दिसते, आणि सांगलीच्या वरच्या अंगाला माणसांनी पाण्यात काय काय सोडलं तेही.

प्रश्न : *मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. वय ३१. ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जातो त्यांनी आता पुरवठादारांकडेही विजेचा, पाण्याचा, कचऱ्याचा हिशोब मागायला सुरुवात केली आहे. त्यामुळे मालकांनी मला सांगितलं, ‘कामगारांच्यात पर्यावरणाची जाणीव आण.’ मी पोस्टर लावली. पाच जूनला सगळ्यांकडून शपथ घेतली. मग मशीन चालू ठेवून चहाला जाणाऱ्याला शंभर रुपये दंड लावला. आठवडाभर बरं चाललं. आता पुन्हा पहिल्यासारखंच आहे, वर पोरं माझ्याशी नीट बोलेनाशी झालीत. माझं कुठं चुकलं?*

उत्तर : दादा, आधी दंडाचं बघू, कारण ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं. वेतनातून दंड कापायला कायद्याच्या अटी आहेत. कुठल्या चुकीला दंड, हे आधी मंजूर करून घेऊन कामगारांना दिसेल असं लावलेलं असावं लागतं. कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते. दंड त्या वेळच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी वापरावा लागतो. सुपरवायझरनं मनानं शंभराची नोट मागायची, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. घेतलेले पैसे उद्याच परत करा. सगळ्यांसमोर करा. पुढचं जे सांगणार आहे ते त्याशिवाय जमणार नाही.

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते.

२००३ चा उन्हाळा. आमच्याकडे नवे वर्क्स मॅनेजर आले होते. पहिले दोन महिने त्यांनी एक नोटीस काढली नाही, नुसते शॉपमध्ये फिरायचे. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी मेंटेनन्सचे दोन फिटर, लेथवरचे चार ऑपरेटर, रात्रपाळीचा एक वयस्कर हेल्पर आणि मला बोलावून घेतलं. सगळ्यांना चहा दिला. मशिनं सगळी बंद. आमच्याकडे मशिनांना लागणारी दाबाची हवा कॉम्प्रेसर पाइपांतून पुरवायचा. म्हणाले, ‘कॉम्प्रेसर तेवढा सुरू करा, आणि थोडा वेळ कुणी बोलू नका.’

इतका शांत शॉप मी कधी अनुभवला नव्हता. त्या शांततेत हळूहळू ऐकू यायला लागलं. सुस्स. एक आवाज डाव्या हाताच्या लेथपाशी, एक ग्राइंडरमागं, एक पार वर, पत्र्याखालच्या पाइपाला. मोजता मोजता दहा झाले, पंधरा झाले. एक नग तयार होत नव्हता आणि कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं धडधडून लोड घेत होता. सहाशे माणसांच्या गोंगाटाखाली हे वर्षानुवर्षं झाकलेलं होतं.

तेवढ्यात आमचे हेल्पर, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, पुढे झाले. ‘साहेब, कुठं कुठं गळतंय ते मला ठाऊक आहे. रातपाळीला जेवायच्या सुट्टीत मशिनं थांबली की ऐकू येतं. इतकी वर्षं झाली, कुणी इचारलंच न्हाई.’

त्या दिवशी तात्या पुढे आणि साहेब मागे. तात्या बोट दाखवायचे, साहेब शिडीवर चढून ब्रशनं साबणाचं पाणी लावायचे, फुगा आला की ऑपरेटर तिथं लाल चिंधी बांधायचा. दुपारपर्यंत ४३ चिंध्या झाल्या. साहेबांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ काळी झाली होती. मग त्यांनी खडूनं फळ्यावर हिशोब मांडला. सात बार दाबाला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जी हवा जाते, ती भरून काढायला कॉम्प्रेसरला साधारण तीन किलोवॅट वीज लागते. दिवसरात्र धरून वर्षाच्या तीनशे दिवसांचे २१,६०० युनिट. युनिटला चार रुपये धरले तर वर्षाला ८६,४०० रुपये. सगळी भोकं एवढी मोठी नव्हती, तरी आकडा बघून एक ऑपरेटर खालीच बसला. तात्यांचा वर्षाचा पगार तेवढा नव्हता.

त्या दिवशी साहेबांनी पर्यावरण हा शब्द उच्चारला नाही. ‘ही वीज कोळसा जाळून येते, आणि आपण ती पत्र्याखाली सोडून देतोय,’ एवढंच म्हणाले. आणि विचारलं, ‘आता काय करायचं ते तुम्ही सांगा.’

फिटर म्हणाला, नळीची एक क्लिप हवी असली तर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरा, त्यावर तीन सह्या घ्या, मग स्टोअर उघडायची वाट बघा. त्यापेक्षा गळू दिलेलं परवडतं. दुसऱ्या दिवशी क्लिपा, वॉशर, कपलिंग भरलेला एक डबा शॉपमध्येच ठेवला गेला. कुलूप नाही, सही नाही. एका ऑपरेटरनं विचारलं, सगळ्या मशिनांना सहा बार पुरतोय तर आपण सात का देतो? कुणाकडे उत्तर नव्हतं. दाब एक बार उतरवला. एवढ्यानं कॉम्प्रेसरची सहा ते दहा टक्के वीज वाचते, हे मला नंतर कळलं. लेथच्या बेडवरचे चिप्स, म्हणजे धातूचा कीस, एअर गननं उडवायचे की ब्रशनं झाडायचे, हे तर पोरांनी आपापसात ठरवलं. डोळ्यात चिप्स जाऊन माझ्याकडे प्रथमोपचाराला येणाऱ्यांची संख्याही त्यानंतर कमी झाली.

हे साहेब चार वर्षांनी कारखान्यातून गेले. त्यांच्यानंतर जे आले तेही हुशार होते, माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी काम पक्कं करायचं ठरवलं. मशीनवर गळती सापडली की त्या ऑपरेटरला पन्नास रुपये दंड, आणि रोजच्या नोंदीचं रजिस्टर. महिन्याभरात रजिस्टरमध्ये गळती शून्य झाली. विजेचं बिल मात्र चढत राहिलं, आणि का ते कुणाच्या लक्षात येईना. एका रात्री तात्या मला हाताला धरून शॉपमध्ये घेऊन गेले. नळी गळत होती तिथं कॉटन वेस्टचा बोळा दाबून वरून तार आवळली होती. हवा जातच होती, फक्त तिचा आवाज बंद केला होता. अशा अकरा जागा त्यांनी मला दाखवल्या. ज्या पोरांनी हौसेनं लाल चिंध्या बांधल्या होत्या, त्यातल्याच काहींनी हे बोळे बांधले होते. घरी येऊन मी रडले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दंडानं असं का होतं यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथं उशिराला दंड ठेवून पाहिला. उशीर कमी होईल असं वाटलं होतं, तो जवळपास दुपटीवर गेला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीसारखा कमी झाला नाही. आधी पालकांना पाळणाघरातल्या बाईंची अडचण दिसायची, दंड आल्यावर उशीर ही विकत मिळणारी गोष्ट झाली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मला तो निवृत्तीनंतर मुलीनं वाचून दाखवला आणि लगेच ते बोळे डोळ्यांसमोर आले.

तुमच्या विषयावर नेमका अभ्यासही आहे. कॅनडातल्या जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग यांनी २०१३ मध्ये वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालचा कर्मचारी अशा १३९ जोड्यांकडून माहिती घेतली. वरिष्ठ स्वतः कसा वागतो, आणि पर्यावरणाच्या बाबतीत तो लोकांना उमेद देतो का, वेगळा विचार करायला लावतो का, एकेकाकडे लक्ष देतो का, हे त्यांनी तपासलं. जिथं हे होतं तिथं कर्मचाऱ्यांना या कामाची मनापासून ओढ लागलेली दिसली, आणि ती त्यांच्या वागण्यातही उतरली. आमच्या साहेबांनी असलं काही वाचलेलं नव्हतं, ते फक्त शिडीवर चढले आणि तात्यांना पुढं चालू दिलं. माझ्या मते त्यातलं दुसरं जास्त अवघड. शिडीवर चढणारे साहेब मी पुढेही पाहिले. हेल्परच्या मागून चालणारा तो एकच.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर पोस्टर तशीच राहू दिली असती आणि शॉपमधल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारलं असतं, ‘मामा, आपल्याकडं काय वाया जातं?’ तो आधी काही सांगणार नाही. दंड करणाऱ्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पुन्हा विचारा. जे पहिलं सांगेल ते कितीही बारीक असो, त्याच आठवड्यात दुरुस्त करा. आणि मशीन चालू ठेवून पोरं चहाला का जातात, हे विचारलंत का? आमच्याकडे एका जुन्या मशीनला बंद करून परत सेट करायला वीस मिनिटं लागायची आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची होती. तिथं दोष पोराचा नव्हता. तुमच्याकडेही तसलंच काही निघेल असा माझा अंदाज आहे.

मालकांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. खर्चाचा छोटा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही पोरांना नुसता उपदेशच करू शकाल.

प्रश्न : *मी कराडला एका पतसंस्थेत आहे. आमचे शाखाधिकारी आम्हाला रोज ‘लाइट बंद करा, पंखा बंद करा’ सांगतात आणि त्यांच्या केबिनचा एसी १८ वर असतो. ते फिरतीवर गेले तरी चालू असतो. आता आम्ही मुद्दाम लाइट बंद करत नाही. हे बरोबर नाही ते कळतं. पण मी साधी क्लार्क, मी काय करू?*

उत्तर : ताई, तुमचा राग योग्य आहे, पण त्यापायी जो दिवा जळतो तो साहेबांचा नाही. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला वीज कशी तयार होते आणि तिच्यासाठी कुणाची गावं पाण्याखाली गेली, हे मी वेगळं सांगायला नको.

साहेबांना चारचौघांत टोचू नका. त्यांना हिशोब द्या. एसी एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर यावेत, असा नियमच आहे. आणि साध्या एसीला १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, तो फक्त जास्त वेळ चालत राहतो. हे बऱ्याच साहेबांना खरंच माहीत नसतं. मग म्हणा, ‘साहेब, आपल्या केबिनपासून सुरुवात करूया का? मग मला बाकीच्यांना सांगता येईल.’ यात त्यांचा मान राहतो आणि पहिलं पाऊलही त्यांनाच टाकायला मिळतं. माझ्या अनुभवात दहापैकी सहासात माणसं हो म्हणतात.

नाही म्हणाले, तर तुमच्या टेबलापुरतं तुम्ही करा. पाठकोरे कागद, पाठपोट प्रिंट, स्वतःचा पेला. शेजारची करते हे पाहूनही माणसं शिकतात, त्यासाठी पद लागत नाही.

प्रश्न : *मी खटाव तालुक्यातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तुम्ही नेहमी लिहिता की वरिष्ठानं स्वतः करावं. मी तीन वर्षं करते आहे. आवारातलं प्लास्टिक उचलते, झाडांना पाणी घालते, ओला-सुका कचरा वेगळा करते. परिणाम उलटा झालाय. शिक्षक आता कचरा दिसला की म्हणतात, ‘मॅडम उचलतील.’ उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस गावाला गेले तर रोपं वाळली. मी थकले आहे.*

उत्तर : मॅडम, तुमच्या पत्रानं मला माझंच लिहिणं पुन्हा तपासायला लावलं. ‘स्वतः करून दाखवा’ हे मी इतक्या वेळा लिहिलं, पण पुढचा अर्धा भाग लिहायचा राहून गेला. चूक माझी आहे.

तुम्ही साताऱ्याकडच्या, तर आपण कर्मवीर भाऊराव पाटलांकडे पाहूया. ओगले काच कारखाना, किर्लोस्कर, कूपर अशा उद्योगांत त्यांनी काम केलं होतं, नांगर विकत गावोगाव फिरले होते. माणसांकडून काम कसं उभं राहतं, हे त्यांना तिथं दिसलं असणार. १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. अण्णा स्वतः अनवाणी राहिले, साधे राहिले. पण वसतिगृहातलं सगळं काम त्यांनी एकट्यानं उपसलं नाही. वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, आपलं काम आपल्या हातांनी करू लागली, आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या मुलांच्या हातांनी खरं केलं. अण्णांच्या राहणीनं मुलांना काम सांगण्याचा अधिकार त्यांना मिळाला, आणि तो त्यांनी वापरला. तुम्ही तो अधिकार तीन वर्षांत कमावला आहे, मॅडम. वापरलेला मात्र नाही.

तुमच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू घ्या. पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २० एप्रिल ते ५ जून २०१६ अशी झाली. कोरेगाव, वरुड आणि आंबेजोगाई हे तीनच तालुके त्यात होते, आणि वेळूनं पहिला क्रमांक मिळवला. भर उन्हात गावानं श्रमदान केलं. पुढाऱ्यानं एकट्यानं टिकाव चालवला असता तर फार तर एक चर खणून झाला असता. माणसं घराबाहेर पडली, कारण कुणाला कुठं खणायचं हे ठरलेलं होतं आणि न आलेला माणूस शेजाऱ्याला दिसत होता.

तेव्हा दोन महिने तुम्ही काहीही उचलू नका. हे तुम्हाला फार जड जाईल, मला माहीत आहे. शिक्षकांची बैठक घ्या आणि खरं सांगा. मी थकले आहे आणि हे मला एकटीनं करायचं नाही. हे वाक्य मुख्याध्यापिकेच्या तोंडून ऐकलेलं शिक्षक विसरणार नाहीत. मग कामं वाटू नका, त्यांना निवडू द्या. विज्ञानाच्या बाईंना खतखड्डा आवडेल, खेळाच्या सरांना कदाचित झाडं. ज्यानं जे निवडलं त्यात त्याचं चुकू द्या. चार रोपं मेली तरी त्याच्या हातून मरू द्या, तुम्ही रात्री जाऊन पाणी घालू नका. तुमचं काम एवढंच की दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला विचारायचं, ‘काय अडतंय?’ आणि पाइप हवा असेल तर पाइप आणून द्यायचा.

आणि शिपाईदादांना विसरू नका. शाळेतलं पाणी कुठं वाहतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

प्रश्न : *शिरवळच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. दर महिन्याला ‘पर्यावरणस्नेही कर्मचारी’ निवडून पाच हजारांचं बक्षीस द्यायचा विचार आहे. तुमचं मत?*

उत्तर : देऊ नका. एकाला बक्षीस मिळालं की बाकीचे ‘ते त्याचं काम’ म्हणून मोकळे होतात, आणि पुढच्या महिन्यात कुणी काही सुचवलं की लोकांना वाटतं, पाच हजारांसाठी करतोय. त्यापेक्षा किती युनिट वाचले हे दर महिन्याला गेटपाशी फळ्यावर लिहा आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग त्याच विभागाला परत द्या, कशावर खर्च करायचा ते त्यांना ठरवू द्या. आमच्या पेंट शॉपनं पंखे मागितले होते. आज मागितले असते तर मी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे, पंखे घ्यायला लावले असते. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, हा ३० ते ३५ मध्ये तेवढाच वारा देतो.

प्रश्न : *आमच्या साखर कारखान्यात दर पाच जूनला संचालकांच्या हस्ते वृक्षारोपण होतं. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. आम्हा कर्मचाऱ्यांना लाज वाटते. काय करावं?*

उत्तर : तारीख बदलायला सुचवा. आपल्याकडे पाच जूनला बहुतेक वेळा जमीन तापलेलीच असते. दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. आणि संचालकांना पुन्हा एकदा एप्रिलमध्ये बोलावा, पाणी घालायला. फोटो तेव्हाचा काढा.

पण मला तुमच्या कारखान्याबद्दल दुसरंच विचारायचं आहे. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी कारखान्यातच पुन्हा वापरता येतं. तुमच्याकडे ते किती वापरलं जातं आणि किती बाहेर सोडलं जातं, हे बॉयलिंग हाउसवरच्या माणसांना नक्की माहीत असेल. पुढच्या पाच जूनला संचालकांनी खड्ड्याऐवजी त्या माणसांशी अर्धा तास बोलावं, एवढं सुचवता आलं तर सुचवा.

प्रश्न : *मी कंत्राटी कामगार आहे. जागा सांगत नाही. आमच्याकडं मशीनचं खराब कूलंट, म्हणजे धातू कापताना गार ठेवायचं तेलकट पाणी, टाकीत साठवायचं असतं. रात्री ते बाहेरच्या नाल्यात सोडतात. मी एकदा सुपरवायझरला बोललो तर म्हणाला, ‘तुला काम नको झालंय का?’ माझं घर नदीकाठीच आहे. आमची म्हैस तेच पाणी पिते. मी गप्प बसावं का?*

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्यांच्यासाठी हे सदर लिहायला घेतलं ते तुम्हीच आहात असं वाटलं.

शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळतं, हे सांगलीकर कित्येक वर्षं ऐकत आणि बोलत आला आहे. आपल्याला वाटतं ते गावाचं सांडपाणी, कारखान्याचं ते वेगळं. नदीला असा फरक कळत नाही. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी ओसरल्यावर आमच्या हरिपूरच्या झाडांच्या फांद्यांना माणसाच्या डोक्याहून उंच प्लास्टिक लटकत होतं, आणि घराच्या भिंतीवर चिखलाबरोबर तेलाची रेघ होती. सोड्यानं दोनदा धुतली तरी ती गेली नाही. आपण नाल्यात सोडलेलं आपल्याच भिंतीवर परत येतं, हे मी तेव्हा बोटानं पुसून पाहिलं.

खराब कूलंट आणि वापरलेलं तेल हे घातक कचऱ्यात मोडतं. ते परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यावं लागतं आणि त्याची नोंद ठेवावी लागते. नाल्यात सोडणं बेकायदेशीर आहे. पण तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून मी तुम्हाला एकट्यानं पुढं व्हायला सांगणार नाही. कायम कामगारांपैकी विश्वासाचा एखादा माणूस गाठा, सुरक्षा समितीत कामगारांचा प्रतिनिधी असेल तर तो. किती वाजता, कुठल्या टाकीतून, कुठल्या वारी, हे वहीत लिहून ठेवा. ते घेऊन सुपरवायझरच्या वरच्या माणसाकडे त्यांनी जावं. अनेकदा मालकाला खरंच ठाऊक नसतं. टाकी उपसून न्यायचा खर्च वाचवायला मधल्याच कुणीतरी हा उद्योग केलेला असतो. वरूनही काही हललं नाही, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आहे. तिथं अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन. तुमचं नाव कुठंही येणार नाही.

आणि जे अधिकारी हे सदर वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आज घरी जाण्यापूर्वी तुमच्या शॉपमधल्या एखाद्या कंत्राटी कामगारापाशी थांबा आणि टाकीतलं पाणी कुठं जातं ते विचारा. विचारल्यावर त्याच्या नोकरीला काही होणार नाही, एवढी खात्री आधी द्या.

भाऊ, म्हशीला तोवर विहिरीचं पाणी पाजा, आणि काय झालं ते मला कळवा. पुढचा अंक १ तारखेला निघतो. पत्र २० तारखेपर्यंत आलं तर मी त्या अंकातच उत्तर देईन.